नवी गाडी आणि वर्कशॉपच्या वाऱ्या : वाचकांचे प्रश्न

दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर घेतलेल्या गाड्यांची दुसरी मोफत सर्व्हिसिंग होते न होते तोच या सदराच्या टपालात एका ठरावीक प्रकारच्या पत्रांची भर पडू लागते आणि त्यांची सुरुवात बहुधा सारखीच असते : ‘गाडी नवी आहे, पण...’ या वेळी ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून आलेली सात पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत. कंपन्यांची व विक्रेत्यांचीही वगळली आहेत, कारण आमच्यासमोर एकच बाजू आलेली आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, पण पुढच्या बहुतेक उत्तरांचा पाया त्यातच असल्याने ते आवरते घेतलेले नाही.

प्रश्न : मी घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याजवळ राहतो. सात महिन्यांपूर्वी ऑटोमॅटिक गिअरची पेट्रोल गाडी घेतली. शोरूमची किंमत 11 लाख 80 हजार रुपये होती. वाहनकर आणि विमा धरून पावणेचौदा लाख मोजले. तिसऱ्याच आठवड्यात गायमुखच्या चढावर गाडीचा जोर एकाएकी गेला आणि गिअरचा दिवा लागला. त्यानंतर पाच वेळा गाडी वर्कशॉपमध्ये गेली. एकूण 34 दिवस ती तिथेच होती. दोनदा सॉफ्टवेअर बदलले, एकदा क्लच बदलला, तरी चढावर तीच गत आहे. विक्रेता म्हणतो, ‘कंपनीला विचारा’. कंपनी लिहिते, ‘आमच्या तज्ज्ञांना गाडीत दोष आढळलेला नाही.’ अमेरिकेत राहणारे माझे मेहुणे म्हणतात की तिकडे तीन-चार दुरुस्त्यांत गाडी ठीक झाली नाही तर कंपनीला ती परत घ्यावीच लागते. आपल्याकडे असा कायदा आहे का? मला नवी गाडी किंवा पैसे परत मिळतील का? — एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : आपले मेहुणे म्हणतात ते तिकडच्यापुरते खरे आहे. अमेरिकेत सदोष गाडीला बोलीभाषेत ‘लेमन’ म्हणतात आणि त्यावरूनच या कायद्यांना ‘लेमन लॉ’ हे नाव पडले. असा पहिला राज्य कायदा 1982 मध्ये कनेटिकटने केला. कॅलिफोर्नियात पहिल्या 18 महिन्यांत किंवा 18 हजार मैलांत एकाच दोषासाठी चार वेळा, किंवा जिवावर बेतू शकणाऱ्या दोषासाठी दोन वेळा दुरुस्ती करूनही तो गेला नाही, किंवा गाडी एकूण तीसपेक्षा जास्त दिवस दुरुस्तीत अडकली, तर उत्पादकाला पुरेशी संधी मिळून गेली असे कायदाच गृहीत धरतो. आपल्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवण्याची प्रथा आहे. लिंबाचा आणि गाडीचा आपल्याकडचा संबंध तिथेच संपतो. दुरुस्त्यांची संख्या किंवा वर्कशॉपमधले दिवस मोजून आपोआप हक्क देणारा कायदा भारतात नाही.

याचा अर्थ ग्राहक निराधार आहे असा नाही. 20 जुलै 2020 पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये ‘दोषा’ची व्याख्या पुष्कळ रुंद आहे : मालाची गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, शुद्धता किंवा दर्जा यांत कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याने केलेल्या दाव्याप्रमाणे जे असायला हवे होते, त्यातली कोणतीही उणीव म्हणजे दोष. करार लेखी असला पाहिजे असे नाही. गृहीत धरलेला करारही चालतो. शिवाय मालविक्री कायदा, 1930 च्या कलम 16 मध्ये विकलेला माल व्यापारयोग्य दर्जाचा असला पाहिजे ही अट मुळातच मानलेली आहे. ठाण्यात विकलेली गाडी गायमुखचा चढ चढू शकली पाहिजे, ही अपेक्षा वॉरंटीच्या पुस्तिकेत छापलेली असावी लागत नाही.

दोष सिद्ध झाला तर ग्राहक तक्रार निवारण आयोग काय करू शकतो, हे ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम 39 सांगते. दोष दूर करायला लावणे, त्याच वर्णनाचा निर्दोष माल बदलून द्यायला लावणे, किंमत आयोग ठरवील त्या व्याजासह परत करायला लावणे, नुकसानभरपाई व तक्रारीचा खर्च देववणे, आणि योग्य वाटल्यास दंडात्मक नुकसानभरपाईही देववणे, असे अधिकार त्यात आहेत. यांतला कोणता मार्ग निवडायचा हे मात्र दोष किती खोल आहे यावर ठरते, आणि बहुतेक तक्रारदारांची चूक इथेच होते.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. 2006 मध्ये मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात न्यायालयाने म्हटले की जिथे सदोष भाग बदलून काम भागते, तिथे संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. उलट 2010 मध्ये फियाट कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाने गाडीची स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाकडून तपासणी करण्याची व्यवस्था कायम ठेवली आणि गाडीत मूळचाच निर्मितीदोष आहे असे तज्ज्ञाचे मत पडल्यास गाडीची किंमत, आजीवन वाहनकर व हप्त्यांची रक्कम 12 टक्के व्याजाने परत मिळेल असे सांगितले. दोन्ही निकालांत विरोध नाही. पहिल्यात भाग बदलून काम भागत होते. दुसऱ्यात प्रश्न गाडीच्या मूळ बांधणीचा होता आणि त्याचे उत्तर कंपनीबाहेरच्या तज्ज्ञाकडून यायचे होते. आपल्यासारख्या प्रकरणात सगळा खेळ त्या अहवालावर आहे.

म्हणून आता जॉब कार्डाविषयी, म्हणजे गाडी देताना वर्कशॉपमध्ये तक्रार लिहून घेतात त्या कागदाविषयी. पाच वेळा गाडी दिली त्या पाचही वेळची जॉब कार्डे आपल्याजवळ आहेत का, आणि त्यांवर नेमके काय लिहिले आहे? वर्कशॉपमधला सल्लागार सवयीने ‘जनरल चेकअप’ किंवा ‘पिकअप कमी’ असे लिहून मोकळा होतो आणि आपण घाईत खाली सही करतो. वर्षभराने आयोगापुढे तीच सही आपल्यावर उलटते, कारण कागदावर पाच वेगवेगळ्या किरकोळ तक्रारी दिसतात आणि एकच दोष पाचदा उद्भवल्याचे दिसत नाही. यापुढे तक्रार आपल्या शब्दांत लिहायला सांगा : ‘चढावर, इंजिन तापल्यानंतर, गिअरचा दिवा लागून गाडीचा जोर जातो, ही सहावी वेळ.’ गाडी दिल्याची व परत घेतल्याची तारीख आणि ओडोमीटरचा आकडा त्यावर आहे ना, हे पाहा. मागच्या भेटींची कार्डे नसतील तर विक्रेत्याकडे ईमेलने प्रती मागा; प्रती मिळाल्या नाहीत तरी मागणीचा ईमेल हा पुरावा होतो. दिवा लागलेला असताना गाडी चालवणाऱ्याने नव्हे, शेजारी बसलेल्याने चित्रफीत काढावी.

‘आमच्या तज्ज्ञांना दोष आढळला नाही’ हे कंपनीचे पत्र फाडू नका. ते जपून ठेवा. दोष नव्हता तर क्लच का बदलला, हा प्रश्न त्या पत्रातूनच उभा राहतो. पण सिद्ध करण्याचा भार आपल्यावर आहे हे विसरून चालणार नाही. तक्रार दाखल करताना कलम 38 खाली गाडीची तपासणी व्हावी असा स्वतंत्र अर्ज द्या. तपासणीचे शुल्क आधी तक्रारदारालाच भरावे लागते आणि प्रयोगशाळेने अहवाल 45 दिवसांत द्यावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, माटुंग्याची व्हीजेटीआय यांच्यासारखी तांत्रिक संस्था किंवा परिवहन कार्यालयातील मोटार वाहन निरीक्षक अशी नावे अर्जात सुचवता येतात. निवड आयोग करतो. चढावर आणि तापलेल्या इंजिनावरच दिसणारा दोष सपाट आवारातल्या दहा मिनिटांच्या पाहणीत दिसणार नाही, म्हणून चाचणी कोणत्या परिस्थितीत व्हावी हेही अर्जात लिहावे. ही एक ओळ राहून गेल्याने चांगल्या तक्रारी वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

मागणी पायरीपायरीने करा : प्रथम किंमत परत किंवा गाडी बदलून, ते शक्य नसेल तर गिअरबॉक्सचा संपूर्ण संच बदलून वाढीव वॉरंटी, आणि दोन्हींपैकी काहीही झाले तरी 34 दिवसांच्या गैरसोयीची भरपाई. फक्त ‘नवी गाडीच हवी’ असा हट्ट धरला आणि तज्ज्ञाने भाग बदलण्याजोगा दोष सांगितला, तर हाती फार थोडे उरते. उत्पादक आणि विक्रेता या दोघांनाही सामनेवाले, म्हणजे तक्रारीतले विरुद्ध पक्ष, करावे. एकालाच केले की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि तो ‘दुसरा’ आयोगापुढे हजरच नसतो.

तक्रार कुठे करायची हे आता भरपाईच्या आकड्यावर ठरत नाही, मोजलेल्या किमतीवर ठरते. डिसेंबर 2021 च्या नियमांप्रमाणे 50 लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगाकडे, त्यापुढे 2 कोटींपर्यंतचा राज्य आयोगाकडे आणि त्याहून मोठा राष्ट्रीय आयोगाकडे जातो; 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रचना वैध ठरवली. आपली तक्रार ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईल आणि शुल्क 400 रुपये पडेल, कारण 10 ते 20 लाखांच्या व्यवहाराला तेवढेच आहे. वकील लावणे सक्तीचे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. दुरुस्त्यांच्या आश्वासनांवर ती मुदत संपू देऊ नका.

त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी, कारण बऱ्याच कंपन्या तिथे उत्तर देतात. मात्र हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही आणि तिथली नोंद म्हणजे आयोगातली तक्रार नव्हे. उत्पादक व विक्रेत्याला पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या आणि उत्तर न आल्यास ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून तक्रार दाखल करा. सामनेवाल्यांना म्हणणे मांडायला 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. चाचणी लागणाऱ्या तक्रारीचा निकाल शक्यतो पाच महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ धरून चाला. सुनावणीच्या आरंभी मध्यस्थीचा पर्याय पुढे आला तर तो लगेच झिडकारू नका. आवृत्ती बदलून गाडी देणे, वॉरंटी वाढवणे, जुन्या गाडीची चांगली किंमत लावणे, अशा तडजोडी आदेशापेक्षा मध्यस्थीत लवकर जमतात.

प्रश्न : पाडव्याला संध्याकाळी मुहूर्तावर गाडी घेतली. गर्दी इतकी होती की हार, पेढे आणि फोटो यांपलीकडे काही पाहता आले नाही. महिन्याने धुलाईच्या वेळी लक्षात आले की डाव्या मागच्या दरवाज्याचा रंग वेगळा आहे. पेंटवाल्याने हा भाग पुन्हा रंगवलेला असल्याचे सांगितले. कागद पाहिले तर गाडी अकरा महिन्यांपूर्वी बनलेली निघाली. विक्रेता म्हणतो, ‘साठ्यातल्या गाड्या अशाच असतात.’ — एक वाचिका, नेरूळ

उत्तर : साठ्यातली गाडी विकणे हा गुन्हा नाही, ती नुकतीच आलेली आहे असे भासवून पूर्ण किमतीला विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. विक्रीच्या प्रमाणपत्रात, म्हणजे नमुना 21 मध्ये, निर्मितीचा महिना आणि वर्ष लिहिलेले असते. आपण तो कागद घेतला आहे, त्यामुळे ‘मला वय माहीत नव्हते’ हा मुद्दा थोडा दुबळा होतो. रंगवलेल्या दरवाज्याचा मुद्दा मात्र भक्कम आहे, कारण तो कोणत्याही कागदावर नाही. वाहतुकीत किंवा आवारात गाडीला धक्का लागून ती दुरुस्त केली असेल तर ते ग्राहकाला सांगायला हवे होते. रंगाच्या थराची जाडी मोजणारे यंत्र मिळते. एखाद्या विमा सर्वेक्षकाकडून मोजणी करून लेखी अहवाल घ्या आणि विक्रेत्याकडे गाडी हाती देण्यापूर्वीच्या तपासणीचा, म्हणजे पीडीआयचा, तक्ता मागा.

इथे एक फरक लक्षात ठेवावा. गोव्यातील एका ग्राहकाला नवी म्हणून आधी चाललेली, जुन्या वर्षाची गाडी दिल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये सांगितले की उत्पादकाला ही बाब माहीत होती असे दिसत नसेल, तर विक्रेत्याच्या या वर्तनाची जबाबदारी उत्पादकावर टाकता येत नाही, कारण दोघांमधले नाते मालक आणि प्रतिनिधी असे नसून दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधले असते. त्यामुळे आपल्या प्रकरणात खरा सामनेवाला विक्रेताच आहे. गाडी बदलून मिळण्यापेक्षा किमतीतील घट आणि भरपाई मिळण्याची शक्यता मला जास्त वाटते.

आणि पुढच्या वेळी पेढे दुसऱ्या दिवशी खावेत. मुहूर्ताच्या आधी, दिवसाउजेडी, नोंदणीसाठी कागद जाण्यापूर्वी चॅसिस नंबरासह गाडी पाहून घ्यावी. एकदा एमएच-43 ची पाटी लागली की ‘ही गाडी मला नको’ म्हणणे फार अवघड जाते.

प्रश्न : मी स्वतः चालवण्यासाठी कर्ज काढून पिवळ्या पाटीची टुरिस्ट गाडी घेतली. आठ महिन्यांत दोनदा इंजिन उघडावे लागले. विक्रेत्याचा वकील म्हणतो, गाडी धंद्याची आहे, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. — एक वाचक, ऐरोली

उत्तर : वकीलसाहेबांनी ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 2(7) चे अर्धेच वाक्य वाचलेले दिसते. व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेला माल वगळला आहे हे खरे, पण त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते की केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या आणि स्वतः वापरलेल्या मालाला व्यापारी प्रयोजन म्हणायचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच हे उदाहरणांसह उलगडले आहे : स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहक आहे, पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती चालवायला देण्यासाठी घेणारा नाही. अधूनमधून घरच्या माणसाची किंवा एखाद्याची मदत घेतल्याने फरक पडत नाही.

तक्रारीत हे स्पष्ट लिहा आणि त्याच्या समर्थनार्थ आपला वाहन चालवण्याचा परवाना व बॅज, गाडीच्या परमिटचे कागद आणि घरचे दुसरे उत्पन्न नसल्याचे प्रतिज्ञापत्र जोडा. तीन-चार गाड्या घेऊन त्यांवर चालक ठेवले असतील तर मात्र हा मार्ग बंद आहे; तेव्हा मालविक्री कायद्याखाली दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते. गाडी बंद असलेल्या दिवसांचे बुडालेले उत्पन्न मागायचे असेल तर आधीच्या महिन्यांच्या भाड्याच्या नोंदी लागतील. ॲपवरून भाडी मिळत असतील तर त्या सहज निघतात.

प्रश्न : पाम बीच रस्त्यावर आमची गाडी दुभाजकावर समोरून आदळली. पट्टे लावलेले होते, तरी एकही एअरबॅग उघडली नाही. पत्नीच्या चेहऱ्याला जबर मार लागला. कंपनी म्हणते की धडकेचा कोन आणि जोर पुरेसा नव्हता. मी काही अभियंता नाही. हे खोटे कसे ठरवू? — एक वाचक, सानपाडा

उत्तर : आपण अभियंता असावे अशी न्यायालयाचीही अपेक्षा नाही. एप्रिल 2022 मध्ये ह्युंदाईच्या एका गाडीतील एअरबॅग न उघडल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वेग आणि बल यांची गणिते मांडून एअरबॅगवर होणारा परिणाम काढणारा भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ होणे हे ग्राहकाचे काम नाही. समोरून जोराची धडक होऊनही एअरबॅग उघडत नाही, तेव्हा घटनाच स्वतःविषयी बोलते. त्या ग्राहकाला गाडी बदलून देण्याचा आणि भरपाईचा आदेश न्यायालयाने कायम ठेवला. पहिल्या उत्तरात सिद्धतेचा जो भार मी सांगितला, तो अशा प्रकरणात बराच हलका होतो.

तरीही सावधपणे सांगतो : प्रत्येक धडकेत एअरबॅग उघडायचीच असते असे नाही. मागून बसलेल्या किंवा हळू वेगातल्या धडकेत समोरच्या एअरबॅग न उघडणे हा दोष ठरत नाही. म्हणून नुकसान पुढच्या बाजूला किती खोलवर गेले आहे, हे दिसणारे पुरावे महत्त्वाचे आहेत. पोलीस पंचनामा, विमा सर्वेक्षकाचा अहवाल, चारही बाजूंची छायाचित्रे आणि वैद्यकीय कागद गोळा करा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लेखी पंचनाम्याआधी गाडी दुरुस्तीला सोडू नका, कारण नियंत्रण यंत्रात साठलेली माहिती आणि संवेदक तिथे बदलले गेले की तपासायला काही उरत नाही. ती माहिती जतन करावी, असे कंपनीला ताबडतोब लेखी कळवा.

आपल्या बाबतीत ग्राहक संरक्षण कायद्याचे सहावे प्रकरण, म्हणजे उत्पादन दायित्व, लागू होते. निर्मितीतला दोष, रचनेतला दोष, ठरलेल्या मानकांपासून फारकत, अपुऱ्या सूचना अशा कारणांनी इजा झाली तर उत्पादक कलम 84 खाली जबाबदार ठरतो. पण उत्पादन दायित्वासाठीच्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द उत्पादनाचे नुकसान वगळलेले आहे. त्यामुळे पत्नीच्या उपचारांचा खर्च, वेदना व मनस्ताप यांची भरपाई उत्पादन दायित्वाखाली मागा आणि गाडीची किंमत ‘सदोष माल’ या मुद्द्यावर, एकाच तक्रारीत पण वेगवेगळ्या परिच्छेदांत मागा. दोन्ही एकत्र कालवले की सामनेवाले व्याख्येवर बोट ठेवतात.

प्रश्न : जुलैच्या पावसात वंदना टॉकीजजवळच्या पाण्यातून गाडी नेताना बंद पडली. पुन्हा चालू करून पाहिली, तेव्हा इंजिन जाम झाले. गाडी चार महिन्यांची आहे. वॉरंटीत इंजिन मिळेल का? — एक वाचक, नौपाडा

उत्तर : नाही. इंजिनात पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकणे हा निर्मितीदोष नाही आणि वॉरंटीत तो बसत नाही. विम्यात ‘इंजिन संरक्षण’ हे जादा कलम घेतले असेल तर तिथे दावा करा, पण बंद पडलेली गाडी पाण्यातच पुन्हा चालू केल्याचा मुद्दा विमा कंपनी काढील, हे गृहीत धरा. पुढच्या पावसात गाडी बंद पडली तर किल्लीला हात न लावता टोइंग बोलवावे.

प्रश्न : माझ्या साडेतीन वर्षांच्या गाडीचा इंधनपंप कंपनीने परत बोलावल्याचे वाचले. वॉरंटी संपली आहे. पैसे द्यावे लागतील का? — एक वाचक, कळवा

उत्तर : सुरक्षिततेसाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या असतील तर त्या भागाची तपासणी व बदल विनामूल्य असतो, वॉरंटी संपली की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसिस नंबर टाकून आपली गाडी यादीत आहे का पाहा. कंपनी स्वतःहून पुढे आली नाही तरी मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 110-अ केंद्र सरकारला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार देते, आणि तशा आदेशाखाली उत्पादकाला किंमत परत करणे, तशीच किंवा अधिक चांगली गाडी देणे किंवा दुरुस्त करून देणे भाग पडते. त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत आणि ते सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी आहेत. हा मार्ग एकाच जातीच्या अनेक गाड्यांतील सामाईक दोषासाठी आहे. एकट्याच्या तक्रारीला आयोगच बरा.

प्रश्न : मी खारघरला राहतो, गाडी वाशीच्या शोरूममधून घेतली. चार महिन्यांपैकी दोन महिने ती वर्कशॉपमध्ये आहे. जी गाडी वापरताच येत नाही तिचे हप्ते मी का भरावेत? आणि तक्रारीसाठी मला अलिबागला जावे लागेल का? — एक वाचक

उत्तर : हप्ते भरा. राग समजण्यासारखा आहे, पण कर्जाचा करार बँकेशी आहे आणि गाडी बिघडली म्हणून तो थांबत नाही. हप्ते चुकले तर दंडव्याज लागते, सिबिलची नोंद बिघडते आणि बँक गाडीच उचलून नेऊ शकते. मग तज्ज्ञाने तपासायचे काय? हप्त्यांचा ताण असह्य असेल तर तक्रारीबरोबरच कलम 38(8) खाली अंतरिम अर्ज करून दुरुस्ती होईपर्यंत पर्यायी गाडी किंवा अन्य योग्य दिलासा मागता येतो. आयोग तो देईलच असे नाही, पण मागितल्याशिवाय तो मिळत नाही. भरलेल्या हप्त्यांतील व्याजाचा हिशेब बँकेकडून घेऊन तो मूळ मागणीत जोडा. किंमत परत करण्याचा आदेश झाला तर आधी बँकेचे देणे फिटून नोंदणीवरचा बोजा उतरावा लागतो, म्हणून बँकेलाही औपचारिक पक्षकार केल्यास पुढचे काम सोपे होते.

अलिबागचे म्हणाल, तर खारघर रायगड जिल्ह्यात येते आणि तक्रारदार राहतो तिथल्या आयोगाकडे जाण्याची मुभा 2019 च्या कायद्याने दिली आहे. त्या नात्याने रायगडचा आयोग आपला आहे. पण विक्रेता जिथे व्यवसाय करतो किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले, तिथेही तक्रार करता येते, आणि वाशी ठाणे जिल्ह्यात आहे. तेव्हा सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनातील ठाणे अतिरिक्त जिल्हा आयोगाकडे जाण्यास आपल्याला कोणी अडवू शकत नाही. खारघरहून ते एकच स्थानक आहे. तक्रारीत वाशीचा व्यवहार, पावतीची तारीख आणि शोरूमचा पत्ता पहिल्याच परिच्छेदात लिहा, म्हणजे हद्दीचा आक्षेप निघणार नाही.